फळमाशीच्या अळ्या, एक जनुक आणि गेम थिअरीचा तक्ता

गेम थिअरी म्हटलं की विचार करून चाल खेळणारी माणसं डोळ्यांपुढे येतात. अळी कसला विचार करणार! तिची चाल जनुकांतून आलेली असते, आणि ‘फायदा’ म्हणजे पुढच्या पिढीत तिची किती संतती उतरली ते. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी १९७३ मध्ये प्राण्यांच्या झुंजींकडे असं पाहिलं.

आता ड्रोसोफिला घ्या, म्हणजे केळी जास्त पिकली की घरात घोंगावणारी ती चिमुकली माशी. तिच्या काही अळ्या खाता खाता लांब भटकतात, त्या रोव्हर. काही आहे तिथेच खात राहतात, त्या सिटर. मार्ला सोकोलोवस्की यांच्या गटानं हा फरक ‘फोरेजिंग’ या जनुकापर्यंत नेला. त्यापासून पीकेजी नावाचं एन्झाइम बनतं आणि रोव्हरमध्ये ते जास्त सक्रिय असतं. १९९७ मध्ये सिटरमध्ये या जनुकाचं एक्स्प्रेशन वाढवलं, तर त्या रोव्हरसारख्या वागू लागल्या.

मग निसर्गात दोन्ही प्रकार टिकतात कसे? तक्ता मांडू (आकडे माझ्या मनाचे). रोव्हरला रोव्हर भेटली तर २, सिटर भेटली तर ५. सिटरला रोव्हर भेटली तर ४, सिटर भेटली तर ३. रोव्हरचं प्रमाण p धरलं तर रोव्हरचा सरासरी फायदा ५−३p, सिटरचा ३+p. दोन्ही सारखे होतात p = ०.५ ला. रोव्हर त्याहून वाढल्या की त्यांचाच तोटा, म्हणून प्रमाण परत निम्म्यावर येतं.

निसर्गात रोव्हर साधारण ७०% सापडतात. तक्त्यातला ५ काढून ७.७ टाका, उत्तर ७०% च्या आसपास येईल! म्हणून नुसत्या जुळण्यावर भाळू नका. खरी परीक्षा २००७ च्या प्रयोगात झाली: दोन्ही प्रकारांचं प्रमाण बदलत अळ्या एकत्र वाढवल्या. अन्न कमी पौष्टिक असताना जो प्रकार संख्येनं कमी, तोच जास्त तगला. तक्ता सांगतो तेच, पण इथे ते मोजलेलं आहे.

अजून एक गुंता आहे. उपाशी ठेवलेल्या रोव्हर अळ्या अन्नावर सिटरसारख्या कमी फिरतात. म्हणजे चाल नुसती ‘भटक’ नाही, ‘पोट भरलेलं असेल तर भटक’ अशी अट घातलेली आहे. मग ‘नेहमी भटक’, ‘कधीच नको’, ‘भरल्या पोटी’ आणि ‘उपाशीपोटी’, अशा तक्त्याच्या दोन ओळींच्या चार होतात.