कॅरमेलचा गोडवा आणि चटका
सुट्टीत मुलांना हाताशी घेऊन घरी कॅरमेलचे केक पॉप करण्याचा आपला बेत असेल, तर कामांची वाटणी आधीच करावी. पाणी १०० अंशांना उकळते. साखरेचे कॅरमेल होते ते सुमारे १७० अंश सेल्सिअसला. शिवाय ते त्वचेला चिकटून राहते, म्हणून जखम खोल होते. त्यात गार क्रीम ओतल्यास ते उसळून वर येते. यासाठी पातेले खोल घ्यावे आणि क्रीम कोमट करून थोडे थोडे घालावे. हे काम मोठ्यांचेच. कॅरमेल पूर्ण निवल्यावर त्यात केकचा चुरा कालवणे, गोळे वळणे, काड्या खोचणे मुलांवर सोपवावे.

भाजलेली मुले माझ्या दवाखान्यात बहुधा टूथपेस्ट किंवा हळद लावूनच येतात. तसे करू नये. बर्फही लावू नये. भाजलेला भाग ताबडतोब नळाच्या वाहत्या पाण्याखाली २० मिनिटे धरावा, बांगडी-अंगठी उतरवावी. चिकटलेले कॅरमेल ओढून काढू नये. चेहरा किंवा हात भाजला असेल, फोड आले असतील, तर डॉक्टरांना त्वरित दाखवावे.