उधारी टाकली की हिशेब वाढतो

“मामा, पुढच्या वर्षी मी बेसिकच घेणार,” नववीतल्या भाचीने शेव-उसळ खाता खाता जाहीर केलं. ताई माझ्याकडे बघायला लागली.

सीबीएसईच्या दहावीला २०२० च्या परीक्षेपासून गणिताचे दोन पेपर आहेत, स्टँडर्ड आणि बेसिक. अभ्यासक्रम एकच, फक्त बेसिकचा पेपर सोपा असतो. ज्यांना पुढे गणित नको आहे त्यांच्यासाठी ती चांगली सोय आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण आमच्या या मुलीला आर्किटेक्ट व्हायचंय! सहामाहीत गणिताचा पेपर बिघडला आणि तिने धसका घेतला, एवढंच कारण.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. दोन रविवार घालवून तिच्यासाठी मोबाईलवर एक गेम बनवला. गणित आलं की चार पर्याय, बरोबर उत्तराला नाणी, नाण्यांतून हिरोला नवे कपडे. पहिल्या आठवड्यात तिने ढीगभर नाणी कमावली. मी खूश! मग सवयीने नोंदी तपासल्या. बहुतेक उत्तरं दोन सेकंदांच्या आत दिलेली होती. म्हणजे ती गणित सोडवत नव्हती, अंदाजे बटणं दाबत होती, आणि उरलेला वेळ हिरोला नटवत होती. माझ्या गेममध्ये गणित हा टोलनाका होता. खेळ त्याच्या पलीकडे होता, त्यामुळे नाका चुकवायचा रस्ता तिने शोधला. तिची काय चूक?

बाबांनी हे सगळं ऐकलं आणि कपाटातून पत्त्यांचा जोड काढला. “काळे पत्ते जमा, लाल पत्ते उधारी,” ते म्हणाले. त्यातून आमचा ‘शून्याची रमी’ हा खेळ तयार झाला. राजा, राणी, गुलाम बाजूला ठेवायचे. एक्का म्हणजे १. प्रत्येकाला पाच पत्ते. आपल्या पाळीला एक उचलायचा, एक टाकायचा. हातातल्या पाच पत्त्यांची बेरीज ज्याची आधी शून्य होईल तो जिंकला.

एकदा भाचीच्या हातात काळे ७ आणि ३, लाल ५, ६ आणि २ होते. म्हणजे उणे ३. तिने लाल ३ उचलला, बेरीज उणे ६ झाली. ती क्षणभर थांबली आणि लाल ६ टाकून ओरडली, “शून्य!” सहाची उधारी होती, ती उधारीच टाकून दिली. वहीत हेच −६ − (−६) असं लिहिलं की तिची हमखास चूक व्हायची. ‘उणे उणे अधिक’ तिला पाठ होतं, पण असं का होतं ते पत्ता टाकताना कळलं. इथे गणित हीच खेळी आहे, ते टाळून जिंकताच येत नाही.

दुसरा खेळ कापरेकरांचा. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी १९४० च्या दशकात ६१७४ या संख्येची गंमत शोधली. कोणतीही चार अंकी संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, आणि मोठीतून लहान वजा करा. उत्तरावर पुन्हा तेच करा. शून्य आलं तर तेही अंक म्हणून धरा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. आम्ही पायरीला एक गुण ठेवला, त्यामुळे जो तो लांबच्या वाटेची संख्या शोधतो.

यात नववीचं बीजगणितही आहे. उतरत्या क्रमातले अंक क, ख, ग, घ मानले तर वजाबाकी येते ९९९(क − घ) + ९०(ख − ग). म्हणजे उत्तराला नेहमी ९ ने भाग जातो, आणि त्यातल्या अंकांची बेरीजही ९ च्या पटीत येते. तशी आली नाही तर हातच्यात घोळ आहे. हे भाचीने स्वतः मांडून दाखवलं, आणि आता ती आजोबांच्या चुका पकडते.

उजळणीसाठी सापशिडी. तिच्या जुन्या पेपरांत चुकलेली गणितं आम्ही चिठ्ठ्यांवर लिहिली. सापाच्या तोंडी गेलं की चिठ्ठी उचलायची. गणित सोडवून आधी कुठे चुकलं होतं ते सांगितलं, तर साप गिळत नाही. सुटलेली चिठ्ठी तीन दिवसांनी परत डब्यात, मग आठवड्याने. चुकीची लाज वाटायची, तिचाच आता जीव वाचवायला उपयोग होतो.

खेळाने सगळं होतं असं मात्र नाही. भूमितीची सिद्धता वहीतच लिहावी लागते, आणि पायऱ्यांचे गुण पायऱ्या लिहिल्यावरच मिळतात. म्हणून डाव संपला की एक गणित पूर्ण मांडणीसह लिहायचं, हा नियम आहे. ती कुरकुरते, पण लिहिते.

परवा रमीत मी घाईने लाल ४ टाकला आणि बेरीज चारने कमी केली. भाचीने माझा हात धरला. “मामा, उधारी टाकलीस ना? मग हिशेब वाढेल, कमी कसा होईल?” बाबा हसले, “बीई झालाय म्हणे!”

बोर्डाचा फॉर्म पुढच्या वर्षी भरायचा आहे. कोणता पेपर घेणार, हे मी तिला विचारत नाही. परवा तीच म्हणाली, “मामा, बेसिकचं मी अजून नक्की केलेलं नाही हं.” आणि पत्ते पिसायला घेतले.

तुमच्या घरीही पत्त्यांचा एखादा जोड पडून असेलच. आज रात्री जेवणं झाल्यावर एक डाव मांडून बघा, आणि आजी-आजोबांनाही बसवा!