रोज ६४,००० लोकल भरतील एवढे निरोप!

फोन उशाशी पडलाय, कोणी हातही लावलेला नाही, तरी तो बोलतोच आहे! डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजमधल्या डग्लस लीथ यांनी २०२१ मध्ये मोजून दाखवलं: स्वस्थ पडलेला फोनही सरासरी दर साडेचार मिनिटांनी आपली खबर कळवतो. अँड्रॉइड असेल तर गूगलला, आयफोन असेल तर ॲपलला. दिवसाला ३२० वेळा! वर्षाला १ लाख १६ हजार ८०० वेळा! आणि आपण उघडतो ती ॲप्स यात धरलेलीच नाहीत.

आता ठाणे आणि कल्याण-डोंबिवली घ्या. २०११ च्या जनगणनेत दोन्ही शहरांत मिळून ३० लाखांवर माणसं. आपण फोन धरू फक्त १० लाख. रोजचे निरोप झाले ३२ कोटी! प्रत्येक निरोप म्हणजे एक प्रवासी समजा आणि चढवा लोकलमध्ये. बारा डब्यांत पाच हजार माणसं कोंबली तरी गाड्या लागतील ६४,०००. मध्य रेल्वे दिवसाला सुमारे १,८०० लोकल सोडते. म्हणजे एका दिवसाचे निरोप वाहायला तिला ३५ दिवसांहून जास्त! गाडी अडीचशे मीटरची धरून सगळ्या एकामागे एक उभ्या करा: १६,००० किलोमीटर! मुंबई-पुणे लोहमार्ग १९२ किलोमीटरचा. तो ८३ वेळा भरेल!

आता याहून थरारक आकडा: चार. २०१३ मध्ये संशोधकांनी एका मोबाइल कंपनीच्या १५ लाख ग्राहकांच्या नोंदी तपासल्या. नाव नाही, नंबर नाही. फक्त कुठे आणि किती वाजता. कोणत्याही चार नोंदी घेतल्या आणि शंभरातली ९५ माणसं गर्दीतून वेगळी निघाली! सकाळी आठला डोंबिवली स्टेशन, नऊला ठाणे, दुपारी वागळे इस्टेट, रात्री कल्याणचा खडकपाडा. झालं, लाखांतून तुम्ही सापडलात! अशा नोंदींना गिऱ्हाईकही असतं. २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी लोकांचे कॉल रेकॉर्ड चोरून विकणारी टोळी उघडकीस आणली, तेव्हा खाजगी गुप्तहेरही पकडले गेले.

कायद्याचे आकडेही तोलामोलाचे. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात ती माहिती सांभाळण्यात हयगय केल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत. पाचशेच्या ५० लाख नोटा! टोकाला टोक लावून मांडा: ७५० किलोमीटर, मुंबईहून पुण्याला जवळजवळ दोनदा जाऊन येण्याइतक्या!

आणि आपल्या हातात काय? पुष्कळ! लोकेशनची परवानगी 'ॲप वापरत असतानाच' एवढीच ठेवा. अँड्रॉइड फोनला जाहिरातींसाठी ३२ अंक-अक्षरांची एक ओळख असते. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, तिथे ॲड्स, आणि 'डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी' दाबा. त्यानंतर ती ओळख मागणाऱ्या प्रत्येक ॲपच्या हाती पडतात ३२ शून्यं! एका घरात चार फोन, १२८ शून्यं. शंभर घरांची सोसायटी, १२,८०० शून्यं. दहा लाख फोन, ३ कोटी २० लाख शून्यं! पहिली बत्तीस आज रात्रीच टाका.