पाय आंबले, रोलर घ्यावा का?

पहाटे शेणपाण्याला उठलं की हल्ली गावच्या रस्त्यावर पोरी पळताना दिसतात. फुलंब्री असो, पैठण असो की सिल्लोड, पोलीस भरतीची तयारी चाललेली असते. मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची. ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि ४ किलोच्या गोळाफेकीला १५. एकेका गुणासाठी पोरी जिवाचं रान करतात आणि संध्याकाळी पाय धरून बसतात.

माझी पुतणी त्यातलीच. शहरात गारखेड्याच्या क्रीडा संकुलात गेली, तिथं खेळाडू एका फेसाळ, गोल लोडासारख्या वस्तूवर पाय घासताना तिनं पाहिले. घरी येऊन म्हणाली, "आत्या, मलाही रोलर पाहिजे." वहिनी म्हणाल्या, "लाटण्यासारखं ते, त्याला कशाला पैसे?" दोघींचंही थोडं थोडं बरोबर होतं. आज तेच सांगते.

आधी पाय का दुखतात ते बघू. सवयीपेक्षा जास्त पळालं, उड्या मारल्या किंवा पहिल्यांदाच दिवसभर कापूस वेचला, की स्नायूंच्या बारीक धाग्यांना किंचित इजा होते. तिथं हलकी सूज येते. म्हणून त्याच दिवशी नाही, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतं. साधारण २४ ते ७२ तासांत हे दुखणं सर्वांत जास्त असतं, मग आपोआप उतरतं. "आम्ल साचलं म्हणून दुखतंय" असं पुष्कळ जण सांगतात. पण पळताना तयार झालेलं ते द्रव्य तासाभरात बहुतेक निघून जातं. दुसऱ्या दिवशीच्या दुखण्याचं कारण ते नव्हे.

रोलर काय करतो? त्याच्या दाबानं त्या भागातल्या नसा जाग्या होतात, दुखण्याची जाणीव थोडी कमी होते आणि आखडलेला स्नायू काही वेळ सैल पडतो. एवढंच. फायदा खरा आहे, पण लहान आहे. स्नायू भरून येतो तो झोपेनं, पोटभर जेवणानं आणि एखाद्या दिवसाच्या विश्रांतीनं. भाकरीबरोबर डाळ, अंडं, शेंगदाणे ताटात नसतील तर रोलर फिरवून काय होणार?

आता वापरायची रीत. पोटरीसाठी जमिनीवर पाय लांब करून बसा. रोलर पोटरीखाली ठेवा, हात मागं टेका, कंबर थोडी उचला आणि घोट्याच्या वरपासून गुडघ्याच्या खालपर्यंत सावकाश सरका. जड गेलं तर कंबर जमिनीवरच ठेवा. मांडीच्या मागच्या बाजूला हीच रीत. पुढच्या बाजूसाठी पालथं पडून कोपरांवर भार घ्या. कुल्ल्यासाठी रोलरवर बसून एका बाजूला कला. एका जागी अर्धा ते एक मिनिट पुरे. दाब सोसवेल इतकाच असावा. श्वास रोखावा लागला, की दाब जास्त झाला असं समजा. गुडघा, घोटा, नडगीचं हाड, मान, पोट आणि कंबरेचा मणका यांवर रोलर फिरवायचा नाही.

विकतचा नसला तरी अडत नाही. जाड प्लास्टिक पाइपाच्या हातभर तुकड्याला जुनं टॉवेल घट्ट गुंडाळून बांधा, चालतो. पाइप कडक असतो, म्हणून भार कमी टाका. बसून पोटरीवर लाटणं हलक्या हातानं फिरवलं तरी चालतं. विकत घ्यायचाच असेल तर गटात मिळून एक घ्या. पाच पोरींना एक पुरतो.

पण हे सगळ्यांसाठी नाही. पायांच्या शिरा फुगलेल्या असतील, रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, साखरेमुळे पायाला बधिरपणा असेल, हाडं ठिसूळ झाली असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोलर नको. एकच पोटरी सुजली, गरम लागली, लाल झाली, तर रक्ताची गुठळी असू शकते. तिथं रोलरही नको आणि चोळणंही नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. त्यातच दम लागला किंवा छातीत दुखलं तर लगेच १०८ ला फोन करा. खूप कसरतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तरी थांबू नका.

आता पुतणीचं पुढं काय झालं ते सांगते. तिनं महिनाभर रोज पोटरीवर आणि नडगीवर पाइप फिरवला. पोटरीचं दुखणं उतरलं, पण नडगीवर एका बोटाएवढ्या जागी ठणका राहिला. पळताना सुरू व्हायचा, पुढं पुढं रात्री झोपेतही. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर पळणं बंद करतील ही भीती. डांबरी रस्त्यावर फाटक्या बुटांनी ती पळतच राहिली. शेवटी लंगडायला लागली तेव्हा कळलं, हाडाला बारीक चीर गेली होती. तीन महिने पळणं बंद आणि त्या वेळची भरती हुकली. पाळीही दोन महिन्यांपासून आली नव्हती. "कटकट गेली" म्हणून ती खूश होती! कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलीची पाळी थांबली, तर तिची हाडंही कमजोर होत असतात, हे आम्हा कुणाला ठाऊक नव्हतं.

म्हणून मैत्रिणींनो, एवढी खूण लक्षात ठेवा. दोन्ही पाय सारखे दुखतात, दाबलं की बरं वाटतं, तीन-चार दिवसांत उतरतं, ते थकव्याचं दुखणं. तिथं रोलर खुशाल वापरा. एकाच पायात, हाडावर, बोट ठेवून दाखवता येईल अशा जागी दुखतं आणि दिवसेंदिवस वाढतं, ते इजेचं. तिथं पळणं थांबवा, प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि गरज पडली तर घाटीच्या अस्थिरोग विभागात जा.

दुखणं अंगावर काढायची सवय आपल्याला आईकडून मिळते आणि आपण ती लेकीला देतो. या महिन्याच्या बैठकीत पळणाऱ्या पोरींना बोलवा. रोलर दाखवा आणि विचारा, "कुठं दुखतं गं? बोट ठेवून दाखव."