ल्युपसमधील डोळा व मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार

सिस्टेमिक ल्युपस एरिथेमॅटोसस, अर्थात ल्युपस, या स्वयंप्रतिकार रोगात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच पेशींविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. दर १० रुग्णांपैकी सुमारे ९ स्त्रिया असतात. त्वचा, सांधे व मूत्रपिंडांप्रमाणेच डोळा आणि मेंदू यांच्या रक्तवाहिन्यांनाही या रोगाची बाधा होऊ शकते.

कारणे

प्रतिपिंडांची संयुगे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचून दाह होतो. सुमारे एक-तृतीयांश रुग्णांच्या रक्तात अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडे आढळतात. त्यांच्यामुळे रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती वाढते. मूत्रपिंडांच्या विकारातून उद्भवणारा उच्च रक्तदाब ही हानी आणखी वाढवतो.

डोळ्यातील विकार

सौम्य प्रकारात दृष्टिपटलावर कापसाच्या बोळ्यांसारखे पांढरट ठिपके व लहान रक्तस्राव दिसतात. दृष्टी बहुधा शाबूत राहते. रक्तवाहिन्या बंद पडल्यास मात्र दृष्टिपटलाला प्राणवायू मिळत नाही. मग तेथे नाजूक नव्या रक्तवाहिन्या वाढतात, त्यांतून रक्तस्राव होतो आणि कायमचे अंधत्व येऊ शकते.

मेंदूतील विकार

गुठळीमुळे तरुण वयातही पक्षाघाताचा झटका येऊ शकतो. काही वेळा गुठळी हृदयाच्या झडपेवरून सुटून मेंदूत पोहोचते. झडपेचा हा विकार लिबमन व सॅक्स यांनी १९२४ मध्ये वर्णन केला. मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा प्रत्यक्ष दाह तुलनेने दुर्मीळ आहे.

निदान

दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या शस्त्रक्रियेविना थेट पाहता येतात. त्यामुळे तेथील बदल शरीरात इतरत्र, विशेषतः मेंदूत, चाललेल्या विकाराची सूचना देऊ शकतात. फ्लुरेसिन अँजिओग्राफी, एमआरआय व रक्ततपासणी यांचा उपयोग होतो. अँटिफॉस्फोलिपिड तपासणी किमान १२ आठवड्यांनी पुन्हा करून निष्कर्षाची खात्री करतात.

उपचार

दाहावर स्टेरॉइड व प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे, तर गुठळ्यांवर वॉरफॅरिनसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे दिली जातात. दोन्ही कारणांचे उपचार भिन्न असल्याने नेमके निदान महत्त्वाचे ठरते. गर्भावस्थेत वॉरफॅरिनऐवजी सामान्यतः हेपारिन वापरतात. नव्या रक्तवाहिन्यांवर लेझर उपचार करता येतो.

ल्युपसमध्ये नेहमी दिले जाणारे हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेतल्यास क्वचित दृष्टिपटलास अपाय करते. मात्र ही हानी औषधाची असते, रोगाची नव्हे. म्हणून मात्रा शरीराच्या वजनानुसार ठरवतात आणि साधारणतः पाच वर्षांनंतर दरवर्षी नेत्रतपासणी करतात. अपायाच्या भीतीने हे औषध परस्पर बंद केल्यास रोग पुन्हा बळावण्याचा धोका असतो. अचानक दृष्टी जाणे, बोलणे अडखळणे किंवा एका बाजूचे हातपाय लुळे पडणे ही लक्षणे तातडीच्या उपचारांची गरज दर्शवतात.