पुनर्बांधणी केलेल्या मालमोटार-एंजिनातील झडपांच्या स्प्रिंगा : बिघाडाचे निदान

टाटा आणि डाइमलर-बेंझ यांच्यात १९५४ साली झालेला करार १९६९ मध्ये संपला. या पंधरा वर्षांत जमशेदपूरहून बाहेर पडलेल्या मालमोटारींच्या नाकाडावर तीन टोकांची चांदणी असे. पूर्व-पश्चिम आणि दक्षिणोत्तर असे दोन्ही हमरस्ते जेथे एकमेकांस छेदतात त्या नागपुरात त्यांचा राबता मोठा असावा, हे ओघानेच आले. यांपैकी एल-३१२ या मालमोटारीचे डीझेल एंजिन सहा सिलिंडरांचे होते. सिलिंडरचा व्यास ९० मिमी., धाव १२० मिमी. व एकूण घनफळ सुमारे ४·५८ लिटर. असे एंजिन आज कोणी हौसेने पुन्हा बांधले, नव्या स्प्रिंगा घातल्या, आणि काही आठवड्यांतच त्यांतील एक मोडली, तर मिस्त्री बहुधा स्प्रिंगेलाच दोष देतो व दुसरी बसवितो. तीही मोडते. नवी स्प्रिंग मोडते तेव्हा ती पुष्कळदा गुन्हेगार नसून साक्षीदार असते, आणि ही साक्ष नीट नोंदवून घेतल्याशिवाय एंजिन पुन्हा चालविणे धोक्याचे आहे. कारण मोडलेल्या स्प्रिंगेमुळे झडपेच्या दांड्यावरील खुंट्या निसटल्या की झडप सरळ सिलिंडरमध्ये उतरते आणि दट्ट्या व हेड दोन्ही निकामी करते.

प्रथम बिघाड कोणत्या सिलिंडरात आहे ते ठरवावे. एंजिन मंद फिरत असता इंधन-नळ्यांच्या चाक्या एकेक करून सैल कराव्यात. जी सैल केली असता आवाजात फरक पडत नाही तो सिलिंडर काम करीत नाही. मात्र स्प्रिंगेचे दोन तुकडे कधी कधी एकमेकांत गुंतून बसतात व झडप कशीबशी मिटत राहते. अशा वेळी चालकाला किंचित खडखडीपलीकडे काही जाणवत नाही. म्हणून हेडवरचे झाकण काढून बाराही स्प्रिंगा डोळ्यांखालून घालणे हाच खरा मार्ग होय.

मोडलेला तुकडा हाती आला की तो तारेच्या ब्रशाने घासू नये आणि तुटलेली तोंडे एकमेकांवर ठेवून जुळवूनही पाहू नयेत. दाबाखालील स्प्रिंगेतील तार खरे म्हणजे पिळली जात असते. त्यामुळे शिणवट्याने पडलेली चीर पुष्कळदा तारेच्या अक्षाशी ४५ अंशांच्या आसपास कलते. वेटोळ्याच्या वक्रतेमुळे आतल्या बाजूस प्रतिबल अधिक असते. वेटोळ्याचा मध्य-व्यास तारेच्या जाडीच्या सातपट असेल, तर वालच्या सूत्राप्रमाणे ही वाढ सुमारे २१ टक्के येते. (मिस्त्री झडपेलाच ‘वाल’ म्हणतो, सूत्र मात्र वाल नावाच्या संशोधकाचे. हा केवळ नामयोग.) तेव्हा चीर आतल्या अंगास सुरू झालेली असणे स्वाभाविक. ती बाहेरच्या अंगास सुरू झालेली दिसली, तर तेथे काहीतरी उपरे घडले आहे असे समजावे. पकडीने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने स्प्रिंग बसविताना उठलेला ओरखडा, हे त्याचे नेहमीचे कारण. टोकाच्या वेटोळ्याजवळ घासल्याची चकाकी असून तेथूनच चीर निघाली असेल, तर दोष बैठकीकडे शोधावा.

काळाचा हिशोबही उपयोगी पडतो. मिनिटाला २,००० फेऱ्यांच्या वेगाने झडप मिनिटाला १,००० वेळा उघडते, म्हणजे तासाला ६०,००० वेळा. एक कोटी आवर्तने अवघ्या १६७ तासांत पुरी होतात. पहिल्या काही तासांतच मोडलेल्या स्प्रिंगेत ठळक व्यंग किंवा जोडणीतील चूक असणार. जुन्या स्प्रिंगा गंज काढण्यासाठी आम्लात बुडवून वर चकचकीत मुलामा देण्याची हौस काहींना असते. अशा स्प्रिंगेत हायड्रोजन शिरून पोलाद ठिसूळ होते व ती अकस्मात, कधी कधी एंजिन बंद असतानाही, तुटते. याउलट दीर्घकाळ चालून मग मोडलेल्या स्प्रिंगेच्या पृष्ठभागावर गंजाचे खड्डे शोधावेत. नागपूरकडे वर्षाचा पाऊस सुमारे १,००० ते १,१०० मिमी. असून तो बव्हंशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. या काळात उघड्या आवारात उभ्या असलेल्या एंजिनात काही झडपा उघड्याच राहतात. त्यांच्या स्प्रिंगा दाबलेल्या स्थितीत ओलाव्याला तोंड देत असतात.

मेच्या ४५ अंशांच्या उष्म्याला मात्र दोष देण्यात अर्थ नाही. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद सुमारे २०० अंशांपर्यंत आपला ताठरपणा टिकवून धरते.

सर्वांत फसवा दोष पुनर्बांधणीतूनच निर्माण होतो. झडपेची बैठक पुन्हा घासली की झडप तितकी खोल बसते, तिचा दांडा तितकाच वर येतो आणि बसविलेली स्प्रिंग तितकीच लांब होते. साडेचार मिमी. जाडीच्या तारेची, साडेएकतीस मिमी. मध्य-व्यासाची व सहा क्रियाशील वेटोळ्यांची स्प्रिंग घेतली, तर तिचा ताठरपणा मिलिमीटरला सुमारे २२ न्यूटन येतो. बैठक दीड मिमी. खोल गेल्यास भार ३३ न्यूटनांनी घटतो. मिटलेल्या झडपेवर २५० न्यूटन भार अपेक्षित असेल, तर ही घट सुमारे १३ टक्क्यांची झाली. रॉकरचा स्क्रू फिरवून फट ठीक केली की फटीचे माप अचूक येते व ही घट झाकली जाते. हेड रंधल्याचा येथे काही संबंध नाही, कारण स्प्रिंगेचा आधार व झडपेची बैठक दोन्ही हेडवरच असतात. तरीही कारखान्यात आधी संशय त्यावरच जातो.

हे वैगुण्य सपाट रस्त्यावर दिसत नाही. छिंदवाड्याकडील सातपुड्याच्या घाटात खालच्या गिअरमध्ये उतरताना ते उघड होते. गव्हर्नर केवळ इंधन आवरतो; चाकेच एंजिनाला फिरवू लागली म्हणजे त्याचा अंमल संपतो. मिनिटाला २,८०० फेऱ्यांच्या जागी ४,००० फेरे झाले, तर झडपेचे जडत्वबल वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे दुपटीने वाढते. क्षीण स्प्रिंग झडपेला कॅमच्या मागे नेऊ शकत नाही. झडप आदळत मिटते, आणि त्या आघाताने स्प्रिंगेत उठलेल्या लहरी वेटोळ्यांवरील प्रतिबल आणखी वाढवितात.

यावर वॉशर घालणे हा उपाय ठाऊक असला तरी तो अंदाजाने करू नये. स्प्रिंगेच्या आधारापासून वरच्या ताटलीच्या खालच्या अंगापर्यंतचे अंतर प्रत्येक झडपेवर कॅलिपरने मोजावे. निर्मात्याने दिलेल्या मापापेक्षा जितके अधिक भरेल तितक्याच जाडीचे वॉशर घालावे. अधिक घातले, तर पूर्ण उघडीप होताना वेटोळी एकमेकांस टेकतात व स्प्रिंग मग ठोकळ्यासारखी वागते. झडप पूर्ण उघडी असता वेटोळ्यांमध्ये एकंदर किमान एक मिमी. मोकळीक राहिली आहे, हे हाताने एंजिन फिरवून पाहावे. भारमापक यंत्र नसल्यास ड्रिलच्या यंत्राखाली तराजू ठेवून त्यावर स्प्रिंग ठरलेल्या उंचीपर्यंत दाबता येते. बाराही स्प्रिंगांचे आकडे एकाच तक्त्यात लिहावेत आणि त्याच्या शेजारी प्रत्येक बैठक किती खोल गेली आहे ते नोंदवावे.