फी भरण्याआधी: व्हर्च्युअल असिस्टंटचं काम कमी पैशांत कसं शिकावं

नाशिकच्या एखाद्या डॉक्टरकडे, पुण्यातल्या आर्किटेक्टकडे किंवा लंडनमधल्या एकट्याने काम करणाऱ्या सल्लागाराकडे रोज तास-दोन तासांची कार्यालयीन कामं साचतात. ई-मेलला उत्तरं, भेटीच्या वेळा, बिलं पाठवणं, थकलेल्या पैशांची आठवण करून देणं, प्रवासाचं बुकिंग, बैठकीची टिपणं, सोशल मीडियावरच्या पोस्ट. पूर्णवेळ माणूस ठेवावा इतकी ती नसतात आणि स्वतः करायला घेतली तर मूळ धंदा बाजूला पडतो. ही कामं आपल्या घरून, आपल्या संगणकावरून, महिन्याच्या ठरलेल्या रकमेवर किंवा तासाच्या दराने करून देणारी व्यक्ती म्हणजे व्हर्च्युअल असिस्टंट. लहान मुलांमुळे किंवा घरातल्या आजारपणामुळे नोकरी सोडावी लागलेल्या अनेक बायकांना आणि तालुक्याच्या गावी राहणाऱ्या पदवीधरांना हे काम खुणावतं, आणि ते योग्यच आहे. कार्यालयात काही वर्षं घालवलेल्या माणसाकडे यातलं निम्मं कौशल्य आधीच असतं.

या कामासाठी आपल्याकडे कुठलाही परवाना लागत नाही, सरकारी प्रमाणपत्राची अट नाही, नोंदणीकृत परीक्षा नाही. त्यामुळे सुरुवात कुणालाही करता येते, आणि प्रशिक्षण विकायलाही कुणीही बसू शकतं. ‘सर्टिफाइड व्हर्च्युअल असिस्टंट’ या शब्दांना क्लायंटने किंमत दिली तरच किंमत असते, आणि बहुतेक क्लायंट प्रमाणपत्र मागतच नाहीत. ते विचारतात, असं काम आधी केलंय का, दाखवता का.

विक्रीची साखळी साधारण अशी चालते. मोबाइलवर जाहिरात दिसते: ९९ रुपयांत दोन तासांचा वेबिनार. पहिला तास घरबसल्या कमाईच्या गोष्टींत जातो, पुढे थोडी माहिती, आणि शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात मुख्य कोर्स पुढे येतो. किंमत मोठी सांगून लगेच अर्ध्यावर आणली जाते, सवलत रात्री बारापर्यंतच असते, आणि पैसे नसतील तर हप्त्यांची सोय तयार असते. यातले काही कोर्स चांगले असतातही. पण चांगला कोर्स आठ दिवसांनीही चांगलाच राहतो, म्हणून त्या रात्री काहीही विकत घेऊ नका.

कोर्स निवडण्याआधी काम निवडावं लागतं. समजा, साताऱ्यात राहणाऱ्या एका बाईंनी लग्नाआधी आठ वर्षं सीएच्या कार्यालयात काम केलंय. टॅली येतं, जीएसटीच्या कामाची ओळख आहे, इंग्रजी वाचता-लिहिता येतं पण बोलताना अडखळतात, आणि कॅनव्हा कधी उघडलेलं नाही. त्यांनी एका कागदावर तीन रकाने आखावेत: आजच करता येईल ते काम, येतं, पण नवं साधन शिकावं लागेल असं काम, आणि अजिबात न येणारं काम. पहिल्या रकान्यात बिलं, वसुली, खात्याची जुळवणी पडेल. दुसऱ्यात शेअर केलेली स्प्रेडशीट, ऑनलाइन कॅलेंडर, व्हिडिओ बैठकीची व्यवस्था. तिसऱ्यात रील आणि जाहिराती. आता त्यांच्यासमोर ‘पंचवीस सेवा शिका’ असा कोर्स ठेवला, तर त्यातल्या वीस सेवांचे पैसे वाया जाणार हे कागदावरच दिसतं. त्यांना शिकायचाय फक्त दुसरा रकाना, आणि तो जवळजवळ फुकट शिकता येतो.

कुठे शिकता येतो, ते जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीतून शिकण्याची सोय आहे हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिबर ऑफिसचे धडे मराठी आवाजात आहेत. एकेक धडा साधारण दहा मिनिटांचा असतो. अर्ध्या पडद्यावर धडा, अर्ध्यावर आपली फाईल, आणि थांबवत थांबवत करत जायचं, अशीच त्याची रचना आहे. लिबर ऑफिस स्वतः मोफत आहे, आणि त्यातलं स्प्रेडशीट हाताला बसलं की एक्सेल किंवा गूगल शीट्सवर जाणं सोपं होतं. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर २०१७पासून विद्यापीठं आणि आयआयटींचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं मोफत, प्रमाणपत्रासाठी परीक्षा द्यायची तरच फी. डिजिटल मार्केटिंगकडे जायचं असेल तर हबस्पॉट अकॅडमी आणि गूगलचं स्किलशॉप इथले प्रमाणपत्रांसह धडे मोफत आहेत, आणि ही नावं परदेशी क्लायंट ओळखतो. टॅलीप्राइम शैक्षणिक पद्धतीत विनापरवाना चालवता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांना नोंदी करता येतात, पण सराव पक्का व्हायला तेवढ्या पुरतात. वर्ड-एक्सेलची ब्राउझरमध्ये चालणारी आवृत्तीही मोफत मिळते.

संगणकाचीच भीती असेल तर पडद्यावरच्या धड्यांनी ती जात नाही, शेजारी कुणीतरी बसावं लागतं. तिथे गावातलं एमएस-सीआयटी केंद्र उपयोगी पडतं. राज्यात गावोगावी ही केंद्रं आहेत आणि त्यांची फी ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या महागड्या कोर्सांपेक्षा बरीच कमी असते. टंकलेखनाचंही तसंच. पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा मराठी, हिंदी आणि इंग्रजीत ३० आणि ४० शब्दांच्या वेगासाठी होते. क्लायंट तिचं प्रमाणपत्र पाहणार नाही, पण तासाऐवजी कामाप्रमाणे पैसे ठरले असतील तर वाढलेला वेग थेट तुमच्या पदरात पडतो. मराठी युनिकोडमध्ये न अडखळता टाइप करता येणं ही स्वतंत्र सेवा आहे. प्रकाशक, स्वयंसेवी संस्था, वकील यांना तशी माणसं हवीच असतात.

युडेमीसारख्या ठिकाणी एकेका विषयाचे छोटे कोर्स मिळतात. तिथे छापील किमतीला कधी घेऊ नये. वारंवार सूट लागते आणि हजारोंचा कोर्स काहीशे रुपयांवर येतो. बहुतेक कोर्सांवर ३० दिवसांत पैसे परत मिळण्याची सोयही आहे, तेव्हा घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात सुरुवातीचे धडे पाहून ठरवावं. बराचसा कोर्स पाहून झाला असेल तर पैसे परत नाकारले जाऊ शकतात.

फुकट शिक्षणाची अडचण खरी आहे. ते विखुरलेलं असतं, आणि अर्धवट सोडलं तरी कुणी विचारत नाही. यावर मला एकच उपाय पटतो: कोर्स पुरा करायचं ध्येय न ठेवता काम पुरं करायचं ठेवावं. एक काल्पनिक दवाखाना घ्या. त्याचं महिन्याचं भेटींचं वेळापत्रक कॅलेंडरमध्ये लावा, रुग्णांना आठवणीचे संदेश तयार करा, बिलाचा नमुना, थकबाकीचा तक्ता, औषध पुरवठादाराला एक पत्र आणि चिडलेल्या रुग्णाला एक शांत उत्तर लिहा. जिथे अडाल तिथे तेवढाच धडा शोधा. पंधरा दिवसांत जे फोल्डर तयार होईल, तेच तुमचं क्लायंटला दाखवायचं काम. त्यात खऱ्या माणसांची नावं, फोन नंबर किंवा जुन्या कार्यालयातली कागदपत्रं मात्र चुकूनही वापरू नका. गोपनीयता या धंद्याचा पाया आहे, आणि वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी आता २०२३चा कायदाही आहे.

मग पैसे कशासाठी मोजायचे? माझं मत स्पष्ट आहे: माहितीसाठी नाही, तपासणीसाठी. तुम्ही लिहिलेलं इंग्रजी पत्र वाचून ‘हे वाक्य उर्मट वाटतं, असं लिहा’ म्हणणारी, तुमचा प्रस्ताव पाहून ‘दर कमी लावलाय’ म्हणणारी, क्लायंटशी पहिलं बोलणं कसं करायचं याचा सराव घेणारी व्यक्ती व्हिडिओतून मिळत नाही. तिच्या वेळेचे पैसे देणं रास्त आहे. म्हणून सशुल्क कोर्स पाहताना पहिला प्रश्न हाच विचारा की माझं काम कोण तपासणार, किती दिवसांत आणि किती वेळा. तुकडीत किती जण आहेत? तीनशे असतील तर तपासणी होणार नाही, कुणी काहीही सांगितलं तरी. शिकवणारी व्यक्ती आज स्वतः क्लायंटचं काम करते का, की फक्त कोर्स विकते? एक पूर्ण तास बसून पाहता येईल का? मागच्या तुकडीतल्या दोघांशी, आयोजकांनी निवडलेल्या नव्हे तर आपण निवडलेल्या, बोलता येईल का? पैसे परत करण्याची अट लेखी आहे का? ‘आयुष्यभर पाहता येईल’ या आश्वासनाला मी काही किंमत देत नाही. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओतली बटणं आज जागेवर नसतात.

अभ्यासक्रमाचा कागद हातात आला की तो पैशांच्या बाजूने वाचा. परदेशी क्लायंट मिळवून देण्याची भाषा करणाऱ्या कोर्समध्ये पैसे भारतात कसे येतात हा भाग नसेल तर तो कोर्स अपुरा आहे. पेपॅलने १ एप्रिल २०२१पासून भारतातल्या भारतात व्यवहार बंद केले. आता त्यावरून फक्त परदेशातले पैसे घेता येतात. फायव्हरवर काम केलं तर कमाईतले २० टक्के तो मंच ठेवून घेतो. सेवेच्या धंद्यात आपल्याकडे वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, पण परदेशी उत्पन्न सुरू झालं की सीएचा सल्ला घ्यावाच, आणि परदेशातून पैसे आल्याचं बँकेचं प्रमाणपत्र जपून ठेवावं. हे सगळं तासाभरात शिकवता येतं. त्या तासाला अभ्यासक्रमात जागा नसेल तर बाकीच्या चाळीस तासांबद्दल शंका घ्यायला हरकत नाही.

वेळेचंही तसंच. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात संध्याकाळचे साडेसात आणि उन्हाळ्यात साडेसहा झालेले असतात. लंडनच्या नवाला आपल्याकडे दुपारचे अडीच किंवा दीड. हा फरक वर्षातून दोनदा बदलतो, आणि अमेरिका आणि ब्रिटन आपली घड्याळं एकाच दिवशी बदलत नाहीत. मार्चमध्ये दोन-तीन आठवडे नुसता गोंधळ होतो. दुसऱ्याचं कॅलेंडर सांभाळणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल तर पहिल्याच महिन्यात बैठक चुकते. शिवाय रात्री आठनंतर घरात शांतपणे काम करता येईल का, हा प्रश्न घरातल्या माणसांसोबत बसून सोडवावा लागतो. तो नाहीच सुटला तर पुण्या-मुंबईचे, कोल्हापूर-पणजीचे क्लायंट आहेतच.

क्लायंटचे पासवर्ड कसे ठेवायचे, व्हॉट्सअॅपवर का मागवायचे नाहीत, काम सोडताना प्रवेश कसा परत करायचा, हेही शिकवलं जातंय का पाहा. आणि एआयबद्दल विचारा. बैठकीचं टिपण काढणं, पत्राचा कच्चा मसुदा करणं ही कामं आता यंत्रं झटपट करतात. त्यातल्या चुका ओळखणं आणि क्लायंटची कोणती माहिती तिथे टाकायची नाही हे ठरवणं तुमच्यावर राहतं, आणि कोर्सने तेच शिकवायला हवं.

आता हिशेब. कोर्सची फी १५,००० सांगितली, तर त्यावर १८ टक्के जीएसटी आहे का ते विचारा. असेल तर आकडा १७,७०० होतो. सुरुवातीला तासाला २५० रुपये मिळाले असं धरलं, तर नुसती फी भरून निघायला सुमारे ७१ तासांचं काम हवं. आठवड्याला दहा तासांचं काम मिळालं तरी सात आठवडे. आणि पहिला क्लायंट मिळायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. हा हिशेब मांडून ज्यांना फी परवडते त्यांनी जरूर भरावी.

हप्त्यांवर मात्र घेऊ नका, असं मी आग्रहाने सांगेन. ‘बिनव्याजी हप्ता’ म्हणून जे पुढे येतं ते पुष्कळदा एखाद्या वित्त कंपनीचं तुमच्या नावावरचं कर्ज असतं. कोर्स बंद पडला, शिक्षक गेला, तरी हप्ता थांबत नाही, आणि थकला तर तुमचा सिबिल स्कोअर खाली येतो. सही झालीच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार डिजिटल कर्जात फेरविचाराची थोडी मुदत मिळते. ती कर्जाच्या कागदात किती दिवसांची लिहिली आहे हे त्याच दिवशी पाहा.

‘शंभर टक्के क्लायंट मिळवून देऊ’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा. शिकवणी देणाऱ्या संस्थांच्या फसव्या जाहिरातींबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, आणि हमखास नोकरीसारखे खोटे दावे त्यात मना आहेत. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. काम देतो म्हणून आधी ‘नोंदणी शुल्क’ मागणारे, आणि मग अचूकता कमी भरली म्हणून वकिलाची नोटीस धाडणारे डेटा एंट्रीवाले वेगळेच. ती सरळ फसवणूक आहे आणि तिच्यासाठी सायबर हेल्पलाइन १९३० आहे.

साताऱ्याच्या त्या बाईंना मी सांगेन: पहिला महिना फुकट धड्यांवर आणि नमुन्याच्या फोल्डरवर घालवा. मग ते फोल्डर गावातल्या दोन-तीन व्यावसायिकांना, ओळखीच्या सीएंना, एखाद्या दंतवैद्याला नेऊन दाखवा. ते प्रश्न विचारतील. ज्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही तो लिहून ठेवा, आणि पैसे खर्च करून कोर्स घ्यायचाच झाला तर तेवढ्याच प्रश्नाचा घ्या.